दाढेला टोपी कोणती घालावी?

जेवताना भातात एखादा खडा येतो, 'कट्' असा आवाज होतो आणि जीभ आपोआप त्या जागी जाऊन चाचपू लागते. आरशात पाहावे तो खालच्या दाढेचा एक कोपरा नाहीसा झालेला! खरे म्हणजे खडा हा काही मुख्य गुन्हेगार नव्हे. ती दाढ आतून कित्येक महिने पोखरली जात असते. खड्याने फक्त शेवटचा घाव घातलेला असतो. मग दंतवैद्याकडे फेऱ्या सुरू होतात. कीड कोरून काढली जाते, मुळांतील नळ्या स्वच्छ करून भरल्या जातात (यालाच सगळे 'रूट कॅनाल' म्हणतात) आणि ठणका थांबतो. सुटलो एकदाचे, असे वाटत असतानाच डॉक्टर विचारतात, "आता कॅप कोणती बसवू या? धातूची, पोर्सेलीनची की झिर्कोनियाची?" आणि तीन वेगवेगळ्या किमती सांगतात.

या प्रश्नाला घरोघरी बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक, "सर्वांत स्वस्त असेल ती." दुसरे, "सर्वांत महाग तीच चांगली असणार." या दोन्ही उत्तरांत खिशाचा विचार आहे, दाढेचा नाही. आपण आज दाढेचा विचार करू. त्यासाठी एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवू या. चाळिशी उलटलेले एक गृहस्थ आहेत. त्यांच्या खालच्या जबड्यातील उजवीकडच्या दुसऱ्या मोठ्या दाढेचे रूट कॅनाल झाले आहे. जेवणानंतर सुपारी लागतेच. शिवाय रात्री झोपेत करकरा दात खाण्याची सवय आहे. हे गृहस्थ म्हणजे तुमचे वडील असतील, मामा असतील, किंवा तुमचे गणिताचे सरही असतील! त्यांनी कोणती टोपी निवडावी?

त्याआधी दाताची रचना थोडक्यात आठवू. हिरडीच्या वर दिसणाऱ्या भागावर दंतवल्काचे, म्हणजे एनॅमलचे, कवच असते. दाढेच्या उंचवट्यांवर ते सुमारे २.५ मि.मी. जाड असते. वजनाने त्याचा ९६ टक्के भाग हायड्रॉक्सिॲपेटाइट या कॅल्शियम व फॉस्फेटयुक्त खनिजाचा असतो. शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. पण कठीण असूनही तो ठिसूळ आहे. त्याखाली असलेले दंतिन मात्र वेगळ्या स्वभावाचे. त्यात खनिज सुमारे ७० टक्के, बाकी प्रथिनांचे तंतू आणि पाणी; त्यामुळे ते किंचित लवचिक असते. कठीण वल्काला लवचिक दंतिनाचा आधार, अशी ही जोडी आहे. सर्वांत आत मगज असतो. त्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. लोक त्याला 'दाताची नस' म्हणतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. दंतवल्क तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताच नष्ट होतात. मोडलेले हाड सांधते, कापलेली त्वचा भरून येते. पण फुटलेले दंतवल्क पुन्हा कधीच उगवत नाही. म्हणूनच गेलेल्या भागाची जागा बाहेरच्या पदार्थाने भरून काढावी लागते.

आता तुम्ही म्हणाल, ठणका थांबला, खड्डाही सिमेंटने भरला, मग वर टोपी कशाला? हा अगदी योग्य प्रश्न आहे. पूर्वी याचे उत्तर असे देत की, नस काढलेला दात 'मेलेला' असतो, तो वाळून ठिसूळ होतो. हे उत्तर फारसे बरोबर नाही, असे १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आले. काढून टाकलेल्या दातांवर दाब देऊन त्यांचा ताठपणा मोजण्यात आला. रूट कॅनालसाठी वरून भोक पाडल्याने हा ताठपणा जेमतेम ५ टक्के कमी झाला. पण दाताच्या पुढच्या व मागच्या अशा दोन्ही कडा कापून आरपार खाच पाडली, तेव्हा तो ६३ टक्क्यांनी घटला. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या समोरासमोरच्या दोन भिंती कापून पाहा. उरलेल्या दोन भिंती बोटानेही वाकतात. किडीने पोखरलेल्या दाढेचे हेच होते. तिचे उरलेले उंचवटे प्रत्येक घासाला बाहेरच्या बाजूस किंचित वाकतात, पुन्हा सरळ होतात. दिवसाकाठी शेकडो वेळा असे झाले की, एक दिवस दाढ उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली तर दाढ काढण्याखेरीज दुसरा उपाय उरत नाही.

दाढांवर पडणारा जोरही काही थोडाथोडका नसतो. प्रौढ माणसाने पूर्ण ताकदीने दाढा आवळल्या तर ५०० ते ७०० न्यूटन इतके बल निर्माण होते, म्हणजे सुमारे ५० ते ७० किलोग्रॅम वजनाइतके. नेहमीच्या चावण्यात याचा लहानसा भागच वापरला जातो. पण झोपेत दात खाणाऱ्याला आपण किती जोर लावतो आहोत याची शुद्ध नसते. शिवाय सुपारीचे खांड दाढेला सगळीकडे टेकत नाही. समजा, ते पाच चौरस मिलिमीटर जागेवर टेकले आणि बल ५०० न्यूटन असले, तर दर चौरस मिलिमीटरला १०० न्यूटन दाब पडला. हा आकडा ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

टोपीचे काम काय, हे समजण्यासाठी बैलगाडीचे चाक आठवा. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवलेली असते. ती नुसती झीज थांबवत नाही. सगळ्या पाट्यांना कवेत घेऊन बांधून ठेवते. दाताची टोपीही उरलेल्या भिंतींना अशीच कवेत घेते. मात्र कवेत घेण्यासाठी काही तरी उरलेले हवे! हिरडीच्या वर सभोवार निदान दीड-दोन मि.मी. उंचीची मूळ दाताची भिंत शिल्लक असेल, तरच ही पकड उपयोगी पडते. ती नसेल तर टोपी सोन्याची असो की हिऱ्याची, दात तिच्यासकट मोडून हातात येतो. टोपीच्या पदार्थाची चर्चा सगळे करतात. पण या दोन मिलिमीटरची चौकशी कोणी करत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच विचारला पाहिजे.

दुसरा प्रश्न आहे टोपी चढते कशी, याचा. दात चहूबाजूंनी घासून किंचित निमुळता करावा लागतो. घरात एकावर एक घातलेले दोन स्टीलचे पेले कधी इतके घट्ट अडकतात की, सोडवता सोडवत नाहीत. त्यांच्या बाजू जवळजवळ समांतर असतात म्हणून असे होते. पसरट वाट्या कधी अशा अडकतात का? दाताचेही तसेच. बाजूंचा उतार प्रत्येकी तीन अंशांच्या आसपास असावा, असे पाठ्यपुस्तके सांगतात. प्रत्यक्ष तोंडात, लाळ आणि जीभ सांभाळत, इतके नेमके घासणे हे कसबाचे काम आहे. दाताची उंची कमी असेल तर पकड आणखी कमी होते. सिमेंट उरलेली फट भरते. पण खरी पकड आकाराची असते. (चिकटवता येणाऱ्या काही सिरॅमिक टोप्यांची गोष्ट निराळी आहे. तिकडे नंतर वळू.)

आणि हे घासणे फुकट होत नाही. पूर्ण टोपीसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागाचा जवळजवळ दोन-तृतीयांश हिस्सा घासून टाकावा लागतो. म्हणून जेथे साध्या भरावाने किंवा फक्त उंचवटे झाकणाऱ्या अर्ध्या टोपीने भागते, तेथे पूर्ण टोपीचा आग्रह धरू नये. समोरच्या दातांना तर रूट कॅनालनंतरही दर वेळी टोपी लागतेच असे नाही.

आता पदार्थांकडे येऊ.

सर्वांत जुनी टोपी धातूची. माझ्या आजोळी एक वृद्ध गृहस्थ होते. ते हसले की सोन्याचा दात लखकन चमकत असे आणि आम्हा मुलांना ते फार श्रीमंत वाटत. शुद्ध सोने दाढेसाठी फार मऊ पडते; म्हणून दागिन्यांप्रमाणेच त्यात तांबे, चांदी, प्लॅटिनम किंवा पॅलेडियम मिसळतात. अशी मिश्रधातू गंजत नाही, तिच्या कडा दाताला तंतोतंत बसवता येतात, आणि ती समोरच्या दाताला झिजवत नाही. दंतवैद्यकाच्या दृष्टीने दाढेसाठी इतका चांगला पदार्थ क्वचितच सापडेल. पण भाव पाहता आज सोन्याची टोपी जवळपास कोणी बसवत नाही. तिची जागा निकेल-क्रोमियम व कोबाल्ट-क्रोमियम या स्वस्त मिश्रधातूंनी घेतली आहे. त्या सोन्यापेक्षा खूपच ताठ व मजबूत असतात. एक पथ्य मात्र पाळावे लागते. खोट्या दागिन्यांनी ज्यांच्या कानांना खाज येते, पुरळ उठते, त्यांना बहुधा निकेल सोसत नाही. अशांनी डॉक्टरांना ते आधीच सांगितले पाहिजे.

धातूची टोपी करण्याची रीत मोठी मजेदार आहे. दाताच्या ठशावरून साचा करतात, त्यावर मेणाची टोपी घडवतात, तिच्याभोवती उष्णता सोसणाऱ्या मातीसारख्या पदार्थाचा लगदा ओततात आणि भट्टीत तापवतात. मेण वितळून, जळून जाते आणि मागे नेमक्या आकाराची पोकळी राहते. तिच्यात वितळलेला धातू शिरवला की टोपी तयार! अमेरिकेतील दंतवैद्य विल्यम टॅगर्ट यांनी १९०७ साली ही पद्धत दंतवैद्यकात रूढ केली. पण मेणाचे ओतकाम आपल्याकडे फार जुने आहे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात अशा रीतीने धातूच्या मूर्ती ओतण्याचे वर्णन आहे. देवाची मूर्ती आणि दाढेची टोपी यांचे तंत्र एकच, हे ऐकून गंमत वाटते ना?

धातूच्या टोपीचा एकच मोठा दोष: ती दातासारखी दिसत नाही. पोर्सेलीन दिसते, पण ते काचेसारखे ठिसूळ. यावर तोड म्हणून आत धातूची पातळ टोपी आणि तिच्यावर पोर्सेलीनचा थर, अशी युक्ती निघाली. तुमच्या घरी माळ्यावर पांढऱ्या मुलाम्याचा, निळ्या काठाचा जुना पत्र्याचा मग असेल तर काढून पाहा. लोखंडावर काचेचा थर भाजून बसवलेला असतो. त्यालाही 'एनॅमल'चाच मग म्हणतात! असा मग खाली पडला की काठावरची कपची उडते आणि काळे लोखंड उघडे पडते. पोर्सेलीन चढवलेली टोपी ही याच मगाची बहीण; तिचा गुण तोच आणि दोषही तोच.

या बहिणीला जन्म देणे सोपे नव्हते. अडचण प्रसरणाची होती. भट्टीतून काढल्यावर धातू आणि पोर्सेलीन दोन्ही आकुंचन पावतात. पण सारखे नाही. समजा, धातूचा प्रसरणांक दर अंशाला दहा लाखात १४ आणि साध्या पोर्सेलीनचा ८ आहे. १० मि.मी. रुंदीची टोपी ५०० अंशांनी थंड झाली, तर धातू ०.०७ मि.मी. आखडेल आणि पोर्सेलीन फक्त ०.०४. हा ०.०३ मि.मी.चा फरक आपल्या डोळ्यांना दिसणारही नाही. पण ठिसूळ थर उचकटून काढायला तो पुरतो. उपाय सापडला तो ल्यूसाइट या खनिजाच्या रूपाने. इटलीतील ज्वालामुखींच्या लाव्ह्यात याचे स्फटिक आढळतात. याचे प्रसरण पुष्कळ मोठे असते. ते योग्य प्रमाणात मिसळले की पोर्सेलीनचा प्रसरणांक धातूच्या अगदी जवळ आणता येतो. अमेरिकेत वाइनस्टाइन बंधू व त्यांच्या सहकाऱ्यांना अशा मिश्रणांचे पेटंट १९६२ साली मिळाले.

'अगदी जवळ' म्हणालो. 'तंतोतंत सारखा' नव्हे, बरे का! धातूचा प्रसरणांक मुद्दाम किंचित जास्त ठेवतात. त्यामुळे थंड होताना धातू थोडा जास्त आखडतो आणि वरच्या पोर्सेलीनला दाबून धरतो. काच, चिनी माती, विटा हे पदार्थ दाब उत्तम सोसतात. ताण मात्र सोसत नाहीत. आधीच दाबाखाली असलेल्या थरात ताण निर्माण होण्यासाठी प्रथम तो दाब नाहीसा व्हावा लागतो. तेवढी ती टोपीची शिल्लक!

या टोपीने अर्धशतकाहून अधिक काळ जगभर चाकरी केली आणि अजून करते आहे. पण धातू व पोर्सेलीन या दोन्हींना जागा हवी, म्हणून चावण्याच्या बाजूस दाढ दीड-दोन मि.मी. घासावी लागते. धातूचा करडा रंग झाकण्यासाठी अपारदर्शक थर द्यावा लागतो, त्यामुळे दात थोडा निर्जीव दिसतो. पुढे हिरडी मागे सरकली की कडेशी काळसर रेघ दिसू लागते. आणि मगाच्या काठाप्रमाणे कपची उडण्याची भीती असतेच. साध्या पोर्सेलीनची वाकण्यास तोंड देण्याची ताकद दर चौरस मि.मी.ला सुमारे ६० ते १०० न्यूटन असते. मघाचा सुपारीचा आकडा आठवला? दोन्ही बले एकाच प्रकारची नसल्यामुळे थेट तुलना करता येणार नाही. तरीही सुपारीभक्तांनी सावध व्हावे, एवढे त्यातून कळते.

धातूचा आधार काढूनच टाकला तर? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डेट्रॉइटचे चार्ल्स लँड यांनी नुसत्या पोर्सेलीनच्या टोप्या केल्या होत्या. (अटलांटिक महासागर विमानाने एकट्याने ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग हा या लँडसाहेबांचा नातू.) त्या दिसत सुंदर, पण फुटत. १९६५ साली मॅक्लीन व ह्यूज यांनी पोर्सेलीनमध्ये ॲल्युमिनाचे कण मिसळून ते बळकट केले. ते समोरच्या दातांना पुरले, दाढांना नाही.

दाढेपर्यंत मजल मारली ती झिर्कोनियाने, म्हणजे झिर्कोनियमच्या ऑक्साइडने. येथे जरा थांबू या, कारण या पदार्थाची करामत खरोखर थक्क करणारी आहे. झिर्कोनियाचे स्फटिक तापमानानुसार आपली ठेवण बदलतात. सुमारे १,१७०° से. पेक्षा जास्त तापमानाला त्यांची ठेवण आटोपशीर असते. थंड होताना ती बदलते आणि स्फटिक चार-पाच टक्क्यांनी फुगतात. शुद्ध झिर्कोनियाची वस्तू भाजून थंड करायला ठेवली तर या फुगण्यानेच तिचे तुकडे होतात. पण त्यात थोडा यिट्रियमचा ऑक्साइड मिसळला, तर आटोपशीर ठेवण थंड झाल्यावरही टिकून राहते. दाबून ठेवलेल्या स्प्रिंगसारखी! आता एखादी चीर आत शिरू पाहते. चिरेच्या टोकाशी ताण वाढतो आणि तो ताण तेथल्या स्फटिकांची स्प्रिंग मोकळी करतो. ते फुगतात, आणि फुगताना चिरेला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. पदार्थ आपली चीर आपणच आवळतो! ऑस्ट्रेलियातील गार्व्ही, हॅनिंक व पॅस्को यांनी १९७५ साली 'नेचर' या नियतकालिकात हा शोध मांडला, तेव्हा लेखाच्या मथळ्यात त्यांनी विचारले होते: सिरॅमिकचे पोलाद? अशा झिर्कोनियाची ताकद दर चौरस मि.मी.ला ९०० ते १,२०० न्यूटनांपर्यंत जाते. साध्या पोर्सेलीनच्या दसपट समजा.

इतका चिवट पदार्थ दातासारखा कोरायचा कसा? तर तो कच्चा असतानाच. अर्धवट भाजलेला झिर्कोनिया खडूसारखा मऊ असतो. संगणकाने चालणारे यंत्र त्यातून टोपी कोरते आणि मग ती सुमारे १,५००° से. ला भाजतात. कुंभाराचे मडके भट्टीत थोडे आटते, हे तुम्हांला माहीत असेल. झिर्कोनिया तर लांबी-रुंदीत सुमारे २० टक्क्यांनी आटतो. म्हणजे १० मि.मी.ची टोपी हवी असेल, तर १२.५ मि.मी.ची कोरावी लागते. आकारमानाचे गणित स्वतः करून पाहा. भट्टीतून निघणारी टोपी आत गेलेल्या टोपीच्या जवळजवळ निम्मीच भरते. आणि तरीही तिची कड दाताशी अशी जुळली पाहिजे की, फट सुमारे ०.१२ मि.मी. पेक्षा मोठी असता कामा नये. संगणकाच्या साहाय्याने टोप्या-भराव कोरण्याची सुरुवात झ्यूरिकमध्ये १९८५ साली झाली. मोर्मान हे दंतवैद्य आणि ब्रँडेस्टिनी हे अभियंते यांची ती कामगिरी.

मग सगळ्यांनी झिर्कोनियाच घ्यावा काय? नाही. पहिली गोष्ट, नुसते 'झिर्कोनिया' म्हटल्याने काही कळत नाही. पोलादासारखा चिवट झिर्कोनिया खडूसारखा पांढरा व अपारदर्शक दिसतो. समोरच्या दातांसाठी तो अधिक पारभासक करायचा तर यिट्रियाचे प्रमाण वाढवतात. पण मग बरेचसे स्फटिक अशा ठेवणीत जातात की, त्यांना फुगताच येत नाही. चीर आवळण्याची युक्ती संपली, ताकद जवळपास निम्म्यावर आली! रूप हवे तर बळ सोडा, बळ हवे तर रूप सोडा, असा हा सौदा आहे. तेव्हा 'झिर्कोनिया' म्हटल्यावर 'कोणता?' असे विचारायला संकोचू नका.

दिसण्यात पहिला नंबर लागतो लिथियम डायसिलिकेट या काच-सिरॅमिकचा. याचे ठोकळे कोरताना चक्क जांभळट निळे असतात. सुमारे ८५०° से. ला भाजले की आत सुईसारखे स्फटिक वाढतात, रंग दातासारखा होतो आणि ताकद ४०० न्यूटनांच्या घरात पोहोचते. त्याचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे त्याला आतून आम्लाने खरखरीत करून रेझिनने दाताला खरोखर चिकटवता येते. त्यामुळे उंची कमी असलेल्या दाताला किंवा अर्ध्या टोपीला ते सोयीचे पडते. सिरॅमिकला खालून पक्का आधार मिळाला तर ते किती तरी जास्त भार सोसते. पोकळीवर बसवलेली फरशी पायाखाली तडकते. चुन्यात पूर्ण बसलेली तडकत नाही, हे तुम्ही पाहिलेच असेल. पण काचेतून जसे आरपार दिसते, तसा याच्यातून खालचा काळवंडलेला दात किंवा धातूची खुंटी दिसून येते. तेथे अपारदर्शक पदार्थच उजवा.

टोपी टिकली, पण तिच्यासमोरचा चांगला दात झिजला, तर काय उपयोग? झिर्कोनिया दंतवल्कापेक्षा तिपटीहून अधिक कठीण. तेव्हा तो वरची दाढ खाऊन टाकील, अशी सुरुवातीला सर्वांना भीती होती. येथे पाटा-वरवंटा आठवा. पाटा गुळगुळीत झाला की त्यावर चटणी वाटली जात नाही. मग टाकी लावणाऱ्याला बोलवावे लागते. दगड तोच, कठीणपणा तोच; वाटण करतो तो त्याचा खरबरीतपणा. झिर्कोनियाचेही असेच निघाले. चांगला घोटून गुळगुळीत केलेला झिर्कोनिया समोरच्या दाताला पोर्सेलीनपेक्षाही कमी झिजवतो. टोपी 'उंच' लागते म्हणून दवाखान्यात ती थोडी घासली आणि पुन्हा घोटली नाही, तर मात्र पाट्याला टाकी लावल्यासारखेच होते.

तुमच्या धाकट्या भावंडाच्या तोंडात कदाचित चकचकीत स्टीलची टोपी असेल. तिला हसू नका. दुधाच्या दाढेला दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंतच काम करायचे असते. तयार मिळणारी ही पातळ टोपी १९५० सालापासून वापरात आहे. स्कॉटलंडमधील नॉर्ना हॉल या दंतवैद्या तर कीड न कोरता, दाढ न घासता ती नुसती सिमेंटने बसवत. कीड आत कोंडली जाते, तिला अन्न मिळत नाही आणि ती थांबते. त्यांच्या रुग्णांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली आणि जगभर या पद्धतीचा अभ्यास सुरू झाला.

आणि तुमचे स्वतःचे काय? तुमच्या वयात दातांतील मगज मोठा असतो, हिरडीही अजून कायमच्या जागी बसलेली नसते. त्यामुळे दात घासून पक्की टोपी बसवण्याची घाई सहसा करत नाहीत. क्रिकेटचा चेंडू लागून समोरच्या दाताचा तुकडा उडाला, तर तो शोधा आणि दुधात किंवा पाण्यात घालून लगेच दंतवैद्याकडे न्या. तोच तुकडा पुष्कळदा परत चिकटवता येतो. आम्लाने दंतवल्क खरखरीत करून त्यावर रेझिन चिकटते, हे ब्यूनोकोर यांनी १९५५ साली दाखवून दिले. त्या युक्तीने असंख्य दात घासण्यापासून वाचवले आहेत. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे येणारी पहिली मोठी दाढ कायमची असते. पण पुष्कळ घरांत तिला दुधाचीच समजतात आणि किडू देतात. टोपीपर्यंत पोहोचणाऱ्या कित्येक दाढांची कहाणी तेथूनच सुरू होते.

आता आपल्या गृहस्थांकडे परत येऊ. दाढ अगदी मागची, हसताना न दिसणारी. दुसऱ्या मोठ्या दाढेची उंची कमी आणि वरच्या दाढेशी अंतरही कमी. तेव्हा दोन मि.मी. घासायला जागाच नाही. झोपेत दात खाणे आणि सुपारी, म्हणजे जोर प्रचंड. पोर्सेलीनचा थर दिलेली टोपी येथे कपचे उडवून घेईल. लिथियम डायसिलिकेटचे रूप येथे पाहणार कोण? एक मि.मी. जाडीत भागणारी साधी धातूची टोपी हे उत्तम उत्तर, आणि तेच सर्वांत स्वस्तही. निकेल सोसत नसेल किंवा धातू नकोच असेल, तर वर कोणताही थर नसलेला, चिवट जातीचा, नीट घोटलेला झिर्कोनिया घ्यावा. याच गृहस्थांचा समोरचा दात मोडला असता, तर उत्तर नेमके उलटे आले असते. रात्री दातांवर घालायचे पारदर्शक कवच त्यांनी करून घ्यावे. सुपारी मात्र सोडलेलीच बरी, आणि ती केवळ टोपीसाठी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारी ही कर्करोगास कारणीभूत ठरवलेली आहे.

टोपी बसवण्याच्या दिवशी तुम्ही त्यांच्यासोबत गेलात, तर एक गोष्ट अवश्य पाहा. डॉक्टर निळ्या कार्बनसारखा पातळ कागद दाढांमध्ये धरतात आणि "टक् टक् करा" म्हणतात. टोपीवर एखादाच गडद ठिपका उमटला, तर सगळा भार तेथेच पडतो आहे. तो ठिपका घासतात, पुन्हा कागद धरतात; चारी उंचवट्यांवर सारखे फिकट ठिपके येईपर्यंत हे चालते. मग घासलेली जागा घोटतात. शेवटी टोपी आणि शेजारची दाढ यांच्यामधून एक दोरा ओढून पाहतात. दोरा किंचित अडकून 'टच्' करून आत जावा. तुटू नये आणि सैलही जाऊ नये. टोपी कधी किडत नाही, पण तिच्या कडेखालचा दात किडतो. म्हणून घरी रोज ब्रशबरोबर तोच दोरा त्याच फटीतून फिरवायचा असतो.